आढ्यावरची काजळी

इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या लाकडी घराचं वय दर्शनी भिंतीवरून ठरवायला जाऊ नये. दर्शनी भिंती थापा मारतात. काळ्याभोर तुळया आणि मध्ये पांढराशुभ्र चुना हे जे चित्र बिस्किटांच्या डब्यांवर आणि नाताळच्या कार्डांवर असतं, ते पुष्कळ ठिकाणी एकोणिसाव्या शतकातल्या लोकांच्या हौसेचं आहे. त्याआधी ओकचं लाकूड बहुधा उघडंच राहायचं आणि पाऊसवाऱ्याने रुपेरी करडं पडायचं, नाहीतर भिंतीबरोबर त्याच्यावरूनही चुन्याचा हात फिरायचा. काही घरांनी अठराव्या शतकात अंगावर विटांचा मुखवटा चढवला. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, अडीचशे वर्षांचं असेल. आत पाचशे वर्षांचा सांगाडा उभा.

खरं वय काढायचं तर शिडी लावायची, पोटमाळ्यावर चढायचं आणि टॉर्चच्या उजेडात वाशांचा रंग बघायचा. एखादाच कोपरा नव्हे, मधल्या खणांचे सगळेच्या सगळे वासे आढ्यापर्यंत काळे झालेले असतील, तर घर धुराड्याच्या आधीचं. इथली जुनी घरं अभ्यासणारी माणसं आधी काजळी शोधतात, नक्षीकाम मागाहून बघतात.

धुराड्याच्या आधीचं घर म्हणजे काय ते आज डोळ्यांपुढे आणणं सोपं नाही. मधोमध एक दालन. वर मजला नाही, माळा नाही. जमिनीपासून आढ्यापर्यंत सगळं मोकळं. भिंतीपासून दूर, जमिनीवरच दगडाविटांची फरशी आणि तिच्यावर जाळ. धूर वर जायचा, वाशांत घोटाळायचा आणि छपराच्या गवतातून, कौलांच्या फटींतून किंवा आढ्याच्या टोकाला ठेवलेल्या त्रिकोणी झरोक्यातून सवडीने बाहेर पडायचा. खिडक्यांना काच नव्हती. उभे लाकडी गज आणि आतून झडपा. वारा फिरला की एका बाजूची झडप लावायची, दुसऱ्या बाजूची उघडायची. दालनाच्या एका अंगाला मालकाची खोली आणि तिच्यावर त्याची निजायची जागा. दुसऱ्या अंगाला पावाची आणि पेयांची अशा दोन कोठ्या. दोन्ही टोकांना मजले होते, मधल्या दालनावर मात्र नव्हता.

वास्तुकलेच्या पुस्तकांत या दालनाचं वर्णन थाटाचं म्हणून येतं. उंच छप्पर, कमानदार आडवी तुळई, तिच्या मधोमध उभा कोरीव खांब. थाट होताच. पण मला वाटतं, या घराचा खरा स्थपती धूर होता. छप्पर उंच का, तर धुराला वर जागा हवी म्हणून. दालनावर मजला का नाही, तर वर निजणारा गुदमरेल म्हणून. धनी, त्याची बायको, पोरं, गडी, मोलकरणी सगळे एकाच जाळाभोवती का जेवायचे, तर जाळ एकच होता म्हणून. माणसांच्या समतेचा याच्याशी फारसा संबंध नव्हता; टेबलाचं वरचं टोक धन्याचंच असे.

माझी एक मैत्रीण सफोकमध्ये अशा घरात राहते. ती डॉक्टर, नवरा अभियंता. दोघांनी कर्ज काढून घेतलेलं घर. उन्हाळ्यात तिची आई संगमेश्वरहून महिना-दोन महिने येते. मी गेले तेव्हा काकू तिथेच होत्या. मी वर चढले, मैत्रीण मागून आली आणि काकूंनी खाली शिडी धरली.

पोटमाळ्यात मध्येच एक भिंत आडवी येते. आपल्याकडे कारवीचा कूड शेणमातीने लिंपतात, तीच रीत: ओकच्या खुंट्या वरखाली खोवलेल्या, त्यांच्यात हेझलच्या कांबी विणलेल्या आणि त्यावर चिकणमाती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा गिलावा. दालनाच्या बाजूने ही भिंत काळीकुट्ट. वाशांवर डांबरासारखी चकाकती काजळी, सांध्यांच्या कोनांत पापुद्रे धरलेली. नख लागलं की गळते. भिंतीचा वरचा एक तुकडा कधीतरी पडला आहे. त्यातून वाकून पलीकडे टॉर्च मारला, तर तीच भिंत मातीच्या रंगाची, कोरी. पेंढ्याच्या काड्या दिसतात. लिंपणाऱ्याची चार बोटं ओल्या मातीवरून तिरपी ओढली गेली होती, ती तशीच आहेत. ती मालकाच्या निजण्याच्या खोलीवरची बाजू. धूर भिंतीच्या अलीकडे अडला होता.

“काय आहे गं वर?” खालून काकू.

“काजळी, आई.”

“मग? झाडून घ्या की. पाचशे वर्षांत कुणी हात लावला नाही का?”

मैत्रिणीने मोबाइलवर फोटो काढून खाली दाखवले. काकूंनी चष्मा वर करून पाहिले आणि काही न बोलता परत केले.

या सांगाड्याची करामत अशी की तो आधी जमिनीवर तयार होतो. सुतार आपल्या आवारात एकेक बाजू आडवी मांडायचे, तुळई खांबावर ठेवून जिथल्या तिथे खूण करायचे, खाच आणि कुसू तासून जुळवायचे, मग सगळं सुटं करून गाडीत घालून जागेवर न्यायचे. हाताने तासलेलं कुठलंच लाकूड दुसऱ्यासारखं नसतं, त्यामुळे प्रत्येक सांधा फक्त आपल्याच जोडीदाराला बसतो. जोड्या चुकू नयेत म्हणून दोन्ही लाकडांवर रोमन आकडे कोरलेले असतात. सरळ रेघा आणि तिरप्या फुल्या. लाकडाच्या तंतूंवर गोलाई कोरणं अवघड, म्हणून हे आकडे सोयीचे. मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर सहा आणि सात आहेत. आठ नंबर कुठे गेला ते समजत नाही. मधल्या कुठल्या तरी शतकात तिथे दार फोडलेलं आहे.

सांध्यात लोखंड नाही, ओकची खुंटी. खुंटीचं भोक दोन्ही लाकडांत मुद्दाम किंचित मागेपुढे पाडतात. निमुळती खुंटी ठोकली की ती वाकडी शिरते आणि कुसू खाचेत आवळून धरते. लाकूड ओलंच वापरायचे, कारण वाळलेल्या ओकवर हत्यार चालवणं जिवावर येतं. ओलं लाकूड घरात बसल्यावर सुकतं, आकसतं, पिळवटतं. म्हणून ही घरं म्हातारपणी वाकली असं म्हणण्यात अर्थ नाही. बहुतेक वाक उभारल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला आहे. पहिल्या मालकाच्या पोरांनीही फरशीवर सोडलेली गोटी कोपऱ्यात घरंगळतानाच पाहिली असणार.

खांब बहुधा उलटा उभा करायचे, मुळाकडची जाड बाजू वर. त्या जाड डोक्यावर भिंतीची तुळई आणि आडवी तुळई अशी दोन लाकडं येऊन बसतात, प्रत्येकीला वेगळा सांधा. बारीक टोकाला एवढी जागा पुरली नसती. हा सांधा पाच-सहाशे वर्षं टिकला आहे आणि त्याला कुणी नक्षी म्हणून बघत नाही.

गावात कुणालाही विचारा, “आमच्या तुळया जुन्या जहाजाच्या आहेत” असं ऐकायला मिळतं. समुद्रापासून कोसो दूर राहणारेसुद्धा सांगतात. आधार म्हणून रिकाम्या खाचा दाखवतात. त्या खाचा बहुतेकदा दुसऱ्या एखाद्या घराच्या असतात, नाहीतर याच घरातल्या पाडलेल्या भिंतीच्या. चांगलं लाकूड फेकून देण्याची ऐपत कुणाचीच नव्हती. शिवाय लाकूड काही दुर्मिळ अरण्यांतून आलेलं नव्हतं. केंब्रिजचे वनअभ्यासक ऑलिव्हर रॅकहॅम यांनी सफोकमधल्या एका शेतघराची झाडं मोजली. तीनशेहून अधिक भरली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त हातभरही जाडीची नव्हती. गावाशेजारच्या राखलेल्या रानातले तरणे ओक ते. प्रचंड पुराणवृक्षांची कल्पना आपली, सुतारांची नव्हे. मैत्रिणीच्या घराचं नेमकं साल लाकडाच्या वलयांवरून काढता आलं नाही ते यामुळेच. झाडं झपाट्याने वाढलेली आणि लवकर तोडलेली. जुळवायला पुरेशी वलयंच नाहीत.

काजळी पोटमाळ्यावर बघणं वेगळं आणि ती बनताना खाली बसणं वेगळं. पश्चिम ससेक्समध्ये सिंगलटन गावाजवळ वील्ड अँड डाउनलँड नावाचं उघड्या माळावरचं संग्रहालय आहे. पाडली जाणार होती अशी घरं खुंटी-खुंटी सोडवून तिथे आणून पुन्हा उभी केली आहेत. त्यांतलं बे-लीफ हे केंटमधल्या चिडिंगस्टोनचं शेतघर. जलाशयात बुडणार होतं, म्हणून 1968 साली उतरवलं. दालन पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं, मालकाचं अंग त्यानंतर शंभरेक वर्षांनी जोडलेलं. दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढे झुकलेले, मधलं दालन आत सरलेलं आणि सगळ्यांवर एकच सलग छप्पर. केंट-ससेक्सच्या सधन शेतकऱ्यांची ही आवडती ठेवण.

तिथे दालनात जाळ पेटवतात. आत गेल्यावर आधी वास येतो, मग डोळे चुरचुरतात. बाकावर बसलं की बरं वाटतं. धूर डोक्याच्या वर तरंगत असतो आणि उन्हाचा पट्टा आत आला की त्याची खालची कड रेघ ओढल्यासारखी दिसते. कुणी दार सताड उघडलं की ती रेघ मोडते आणि सगळे खोकतात. त्या काळची आसनं बुटकी का, याचं उत्तर तिथे दहा मिनिटांत मिळतं. दालनातला कर्मचारी लाकूड जाळावर टाकत नव्हता, बाजूने पुढे सरकवत होता. सुकलेलं लाकूड, छोटा जाळ, शांत दार. एवढं सांभाळलं तर धूर ताब्यात राहतो. पण सांभाळणारं माणूस दिवसभर तिथेच लागतं.

पूर्व ससेक्सच्या आल्फ्रिस्टनमध्ये अशाच ठेवणीचं गवती छपराचं घर आहे, क्लर्जी हाउस. चौदाव्या शतकातलं, चर्चच्या मालकीचं, एकोणिसाव्या शतकात पडायला टेकलेलं. जुन्या वास्तू जपणारा नॅशनल ट्रस्ट 1895 मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने हे घर दहा पौंडांना विकत घेतलं. ट्रस्टने घेतलेली ही पहिली इमारत. दालनाची जमीन खडूच्या चुऱ्याची, कुटून त्यावर आंबलेलं दूध ओतून घट्ट केलेली. आज त्या देखण्या दालनात जाळ नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी नाही. मला ते चुकल्यासारखं वाटलं आणि तसं मी त्या संध्याकाळी काकूंसमोर बोलूनही दाखवलं. काकूंनी कोबी चिरता चिरता एकदा माझ्याकडे पाहिलं.

धूर घरातून गेला कसा, याची एक साक्ष आहे. विल्यम हॅरिसन हे एसेक्समधल्या रॅडविंटर गावचे पाद्री. 1577 साली छापलेल्या इंग्लंडच्या वर्णनात त्यांनी आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं नोंदवलं आहे. आपल्या डोळ्यांदेखत तीन गोष्टी बदलल्या, असं ते म्हातारे म्हणत: धुराड्यांची संख्या वाढली, अंथरुणं सुधारली आणि लाकडी ताटांच्या जागी कथलाची आली. एवढ्यावर थांबते तर ते म्हातारे कसले! हॅरिसन पुढे लिहितात ते असं की पूर्वी धूर घराचं लाकूड कणखर करतो आणि माणसांची सर्दी-पडसं दूर ठेवतो असा समज होता. आता धुराडी झाली आणि नाजूक मंडळी पडशाने बेजार आहेत. दर पिढीला मागची पिढी टणक वाटते, याला सोळावं शतकही अपवाद नाही.

धुराडं एका रात्रीत आलं नाही. वीट महाग होती. ज्याला परवडत नसे तो दालनाचा एक अरुंद खण आडभिंत घालून तोडायचा आणि जाळ त्यात हलवायचा. धूर त्या कोंडलेल्या खणातून वर जाऊन छपराच्या टोकाला बाहेर. सिंगलटनच्या संग्रहालयात पॉप्लर कॉटेज म्हणून एका गरिबाचं घर आहे, त्यात हा खण बघायला मिळतो. लाकूड आणि मातीची भिंत, तिच्या आत जाळ. शेजाऱ्यांना झोप कशी लागत असेल कोण जाणे.

विटांचं धुराडं आलं आणि मग घर बदलायला थांबलं नाही. धूर एका नळकांड्यात गेला, म्हणजे दालनाच्या वरची हवा मोकळी झाली. तिथे मजला घालता आला. मजला आला म्हणजे खोल्या आल्या, खोल्या आल्या म्हणजे दारं आली, दारं आली म्हणजे कोण कुठे निजतो ते ठरवता आलं. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकारांनी 1570 ते 1640 या काळातल्या घरांच्या या उलथापालथीला ‘ग्रेट रीबिल्डिंग’ म्हटलं. पुढच्या अभ्यासकांनी तारखांवरून त्यांच्याशी बरेच वाद घातले, पण उलथापालथ झाली यात शंका नाही. एकत्र बसणं संपलं. मालक वरच्या खोलीत गेला, गडी मागे गेले, दालन जाण्यायेण्याची वाट होऊन बसलं.

मैत्रिणीच्या घरात हे सगळं जिथल्या तिथे दिसतं. दार उघडलं की समोर विटांचं धुराडं छातीला भिडतं. जुन्या दालनात मधोमध ते घुसवलं, त्यामुळे आत शिरणाऱ्याने डावीकडे वळावं नाहीतर उजवीकडे. मागाहून घातलेल्या मजल्याची तुळई इतकी खाली आहे की मैत्रिणीचा नवरा नेहमी मान वाकवून चहा नेतो. त्या तुळईच्या वर दोन निजायच्या खोल्या, त्यांच्या वर पोटमाळा आणि तिथे तो काळा जुना आकाशाचा तुकडा, ज्याच्याखाली आता कुणी जाळ पेटवत नाही.

सरकारलाही हे बदल दिसले. 1662 मध्ये चुलींवर कर बसला, दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. मोजणारे घरात शिरायचे, म्हणून लोक या करावर भयंकर चिडलेले. 1689 मध्ये तो रद्द झाला. त्या नोंदवह्यांमुळे आज कुठल्या गावात कुणाच्या घरी किती चुली होत्या ते कळतं. इतिहासकारांचं भलं झालं.

आणि एवढं सगळं टिकलं का? निष्ठेने नव्हे. सफोकच्या लॅव्हनहॅमसारखी गावं लोकरीच्या कापडावर गबर झाली होती, ओकच्या उभ्या पट्ट्या खेटून खेटून भिंतीत बसवायच्या, लाकूड उधळायचं, ही तिथली श्रीमंती दाखवायची पद्धत. मग कापडाचा धंदा बसला, पैसा आटला. नवं बांधायला कुणाकडे काही उरलं नाही, म्हणून जुनं राहिलं. आज तिथे पर्यटक रांगेने फोटो काढतात. गरिबीने सांभाळलेली श्रीमंती आहे ती.

विसाव्या शतकात मात्र घरांवर प्रेम करणाऱ्यांनीच त्यांना बरीच इजा केली. चुन्याच्या जागी सिमेंटचा गिलावा आला. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट तडकतं, तड्यांतून पाणी आत घेतं आणि मग सोडत नाही. पाचशे वर्षं टिकलेला ओक पायथ्याशी पन्नास वर्षांत कुजला. आणखी एक टूम होती: तुळया वाळूच्या फवाऱ्याने घासून लख्ख करण्याची. काजळी गेली, हत्याराचे घाव गेले, सुतारांचे आकडेही गेले. मधाच्या रंगाचं, गुळगुळीत, दुकानातून आणल्यासारखं लाकूड उरलं.

हे सगळं मी जेवणानंतर सांगत होते आणि काजळीचा फारच कैवार घेत होते. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “ते पाद्रीबुवा आणि त्यांचे म्हातारे, सगळे बाप्येच ना?”

मी हो म्हटलं.

“तरीच. धूर औषधी असतो म्हणे! फुंकणी कुणाच्या हातात होती, ते विचार त्यांना. आमच्या आईचे डोळे धुराने गेले. पावसाळ्यात ओली लाकडं, वर माळ्यावर सुकायला घातलेली आणखी लाकडं, आणि आम्ही पोरं बाहेर पडवीत, कारण आत बसवत नसे. ती मात्र आत. आमच्याकडे गॅस आला तेव्हा तिला दिसत नव्हतं, तरी दोन दिवस नॉब चाचपून बघत होती.” त्यांनी माझ्या ताटात भात वाढला. “आणि तुम्हाला आता धुराचा वास चुकल्यासारखा होतोय.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. हॅरिसनच्या पानांत म्हातारे आहेत, धनी आहेत, पाद्री आहेत. जाळ दिवसभर बाजूने सरकवणारी बाई नाही. बे-लीफच्या दालनात बुटकं आसन बघताना मी ते बसणाऱ्यांसाठी आहे असंच समजले. जाळाशी वाकून काम करणारीला आसनाचा काय उपयोग? दालनात एकत्र जेवणं संपलं म्हणून आपण हळहळतो. तिला विचारलं असतं तर धुराडं दहा वर्षं आधी का बांधलं नाही, एवढंच तिने विचारलं असतं.

मैत्रिणीला पोटमाळ्यावर खोली करायची होती. मुलगी मोठी होतेय, तिला अभ्यासाला जागा हवी. पण घर संरक्षित वास्तूंच्या सूचीतलं आहे. अशा घरात हात लावायचा तर कौन्सिलची संमती लागते. अधिकारी आला, चढला, बराच वेळ वर राहिला आणि खूश होऊन उतरला. खोलीचं बघू म्हणाला. पण वाशांवरची काजळी धुवायची नाही, खरवडायची नाही, रंगवायची नाही, कारण या घरातला सगळ्यात जुना पुरावा तीच आहे. ते सगळं भिंतीआड नीट राखून खोली करायची, तर खर्च दुप्पट. मुलीचं टेबल जिन्याखाली लावलं आहे.

पोटमाळ्यावर सध्या सुटकेस आहेत. त्यांच्यावर काजळीचे पापुद्रे पडतात, म्हणून काकूंनी आपलं एक जुनं पातळ पसरायला वर पाठवलं. जावई ते घेऊन चढले, चढताना हाताला लागला म्हणून एक कुंचाही उचलला. काकू शिडी धरून खालून ओरडल्या, “अहो, झाडू नका हं! सरकारची काजळी आहे ती.”